पाणी मारण्यात आले

गड्डम मॅडमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या काँक्रीटच्या एका ठोकळ्याला शिव्या देत होत्या. तेलुगूत. सोलापूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी नुकताच व्याख्याता म्हणून लागलो होतो आणि प्रयोगशाळेच्या दारातच थबकलो होतो. आत दाबयंत्रावर एक ठोकळा फुटून पडला होता. पदर कमरेला खोचलेली एक बुटकी, सावळी बाई, नापास झालेल्या पोराला झापावं तशी त्याला झापत होती. मला बघून त्यांनी भाषा बदलली. पट्टी तीच ठेवली.

"काय बघताय? नवीन का? हा बघा. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवला आणि एवढ्याशा दाबाला मेला. ठोकळ्याची चूक नाही. माल मिसळणाऱ्याला अक्कल नव्हती."

"कुणी मिसळला होता?"

"मीच की!"

हुद्द्यानं त्या प्रयोगशाळा सहायक. पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, डिप्लोमा झालेल्या. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या विभागात पीएच.डी. झालेली मंडळी होती, पण फुटलेलं काँक्रीट हातात घेऊन ते कशानं बिघडलं हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नव्हतं. मलाही नाही. मॅडमना यायचं. ठोकळ्याची कड अंगठ्यानं घासायच्या, भुकटी बोटांवर चोळायच्या आणि सांगायच्या, "वाळूत माती होती." किंवा, "पाणी जास्त ओतलंय." किंवा, "हा दुपारी उन्हात भरलाय, सकाळी नाही." विद्यार्थी पैजा लावायचे आणि हरायचे.

तोंडी परीक्षेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. खरं तर परीक्षा घ्यायचा अधिकार आमचा होता, पण प्रश्न त्याच विचारायच्या आणि आम्ही गुण मांडायचो.

"स्लॅब टाकला. सिमेंट कधी वाळतं?"

पोरगं म्हणायचं, "एका दिवसात, मॅडम."

"बाहेर हो."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या सांगायच्या, "वाळते ती चादर. सिमेंट वाळत नाही. सिमेंट पितं. पाणी पितं आणि घट्ट होतं. पाणी तोडलंत की जिथं असेल तिथंच मरतं. वरून दगड दिसेल तुम्हाला. आतून मेलेलं असेल."

हेच मी वर्गात शिकवत होतो. इंग्रजीत, फळ्यावर समीकरण मांडून. मला ते पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांत केवढं अंतर असतं, ते पुढं मी त्यांच्याच जिवावर शिकलो.

मॅडम अकरा वर्षं एका मिश्रणामागं लागल्या होत्या. अर्धं नेहमीचं सिमेंट, आणि उरलेल्या अर्ध्यात फुटक्या फरश्यांची, कौलांची, चिनी मातीची पीठासारखी दळलेली भुकटी, साखर कारखान्यातली राख आणि थोडा चुना. मी एकदा सहज विचारलं, "एवढा खटाटोप कशाला, मॅडम? सिमेंट मिळतंय की बाजारात."

त्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली. "माने, सिमेंट कशाचं करतात?"

"चुनखडीचं."

"कसं?"

"भट्टीत भाजून."

"मग कोळशाचा धूर होतो तो वेगळा, आणि दगडाच्या पोटातला वायू सुटतो तो वेगळा. दोन्ही जातात वर. एप्रिलमध्ये तुमचं डोकं भाजतं ना स्कूटरवर? त्यात तुमच्या सिमेंटचाही वाटा आहे. आणि ही फरशी बघा. हिला एकदा भाजलंय. हिच्यासाठी कुणीतरी आधीच भट्टी पेटवली. ती फुटली म्हणून उकिरड्यावर टाकायची आणि आपण नवी भट्टी पेटवायची? तो पहिला जाळ काय फुकटचा होता?"

एरवी त्या असं सरळ बोलायच्या नाहीत, भांडायच्याच. फरश्यांच्या दुकानदारांशी फुटलेल्या मालासाठी भांडायच्या, कारण ते लोक त्यात चहाचे फुटके कप आणि गुटख्याच्या पुड्या मिसळून ठेवायचे. कपाचं त्यांना वाईट वाटायचं नाही. तो त्या निवडून घ्यायच्या. पुड्या मात्र दुकानदाराच्या टेबलावर नेऊन ओतायच्या.

एकदा त्यांनी मला बाळीवेशीजवळ गाठलं. रस्त्याच्या कडेला एक फुटकं कमोड पडलं होतं आणि त्या रिक्षा थांबवून उभ्या होत्या. रिक्षावाला वैतागला होता.

"मॅडम, इसकू पिच्छे डालतूँ. सीट पे नक्को."

"मागं टाकलं तर फुटेल."

"फुटेलाच है ना!"

"फुटलंय म्हणून तर न्यायचंय! आणखी फुटलं तर तुकडे कोण वेचणार, तुमचे आब्बा?"

शेवटी कमोड सीटवर बसलं, त्याच्या शेजारी मॅडम बसल्या, आणि मी स्कूटरवरून मागं मागं गेलो, कारण ते उतरवायला त्यांना माणूस हवा होता. सिग्नलला लोक हसत होते. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. कमोडच्या कडेवर हात ठेवून त्या समोर बघत बसल्या होत्या, एखाद्या आजारी नातेवाइकाला दवाखान्यात नेत असल्यासारख्या. "भाजणी भारी असते याची," कॉलेजच्या फाटकाशी उतरताना त्या म्हणाल्या, "पण दळायला लई हट्टी."

राखेसाठी आम्ही दोघं भीमाकाठच्या एका साखर कारखान्यात गेलो होतो. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जाळतात, त्याची राख मागच्या माळावर डोंगरासारखी पडलेली. तिथला एक अधिकारी हसत हसत म्हणाला, "राख व्हय? लई हाय की. डोंगर हाय तितं. घिऊन जावा, आमालाबी बरं." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तोच अधिकारी खुर्चीत ताठ बसला होता. "मॅडम, अर्ज करावा लागंल. राखंचा विषय आता संचालक मंडळाफुडं हाय."

मॅडम उभ्याच होत्या. "गेल्या महिन्यापर्यंत ती वाऱ्यावर उडत होती. गावातल्या बायकांच्या वाळवणावर पडत होती. तेव्हा कुठल्या मंडळापुढं होता विषय?"

मॅडमनी तिथंच त्याच्या टेबलावर अर्ज लिहिला. राख मिळायला अख्खा गळीत हंगाम गेला.

त्यांचा राग मी पुष्कळदा पाहिला, पण भर सभेत एकदाच. आमच्या संस्थेचे अध्यक्ष हौशी. त्यांनी कॉलेजात 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या कुंड्या, बांगड्यांचं झुंबर, आणि त्यांच्या मधोमध मॅडमचं टेबल, त्यावर राखाडी रंगाचे सहा ठोकळे. अध्यक्षांनी शाल दिली, नारळ दिला, आणि माईकवर म्हणाले, "आमच्या गड्डमबाईंनी कचऱ्यापासून सिमेंट केलं! टाळ्या!"

मॅडमनी शाल घेतली आणि माईकही घेतला. "साहेब, कचरा नाही. टाकाऊसुद्धा नाही. आपण टाकतो, हा आपला आळस झाला, त्या वस्तूचा गुण नाही. बाटलीला रंग लावला की कुंडी होते आणि कुंडी फुटली तर कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या मालावर उद्या माणसं उभी राहणार आहेत. त्याला झुंबराशेजारी ठेवू नका."

टाळ्या झाल्या नाहीत. अध्यक्ष हसले, पण तोंडानंच. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला मॅडमचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आपण त्यांच्या शेजारी बसलो नाही याचं बरंही वाटलं. मी कसा माणूस आहे ते एवढ्यावरून कळावं.

आणि तरीही त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. का, ते मला अजून कळत नाही. बहुधा त्या कमोडमागं स्कूटरनं आलो म्हणून.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळांच्या बांधकामाचं काम बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयानं मॅडमच्या मालाची चाचणी घ्यायचं कबूल केलं. एका प्राथमिक शाळेचं पटांगण त्यांच्या मिश्रणानं करायचं. एक वर्ष टिकलं, तर पुढं बाकीच्या शाळांची पटांगणं त्याच मालाची. नाही टिकलं, तर विषय संपला. अकरा वर्षांचं काम एका पटांगणावर येऊन ठेपलं होतं. मॅडमनी पावसाळ्यानंतरची वेळ मागितली. कार्यालय म्हणालं, मुलांना सुट्टी असेल तेव्हाच. म्हणजे एप्रिल संपताना. सोलापूरचा एप्रिल.

"उन्हाळ्यात माझा माल तहानेनं मरेल," त्या म्हणाल्या. "हा माल संथ आहे. नेहमीचं सिमेंट आठवड्यात जेवढं घट्ट होतं, तेवढं व्हायला याला महिना लागतो. पण एकदा झाला की मागं हटत नाही. त्याला फक्त ओलं ठेवायचं. अठ्ठावीस दिवस. सत्तावीस नाही."

गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. म्हणून कॉलेजचा टँकर रोज शाळेत पाठवायचं ठरलं. ओल धरून राहावी म्हणून मॅडमनी आपल्या नातेवाइकांच्या चादर कारखान्यांतून विणताना फसलेल्या चादरी गोळा केल्या. काँक्रीट ओतलं, त्यावर वाफे करून पाणी साठवलं, कडेकडेनं ओल्या चादरी अंथरल्या. लाल, हिरव्या, मोराच्या नक्षीच्या. मिस्त्री हसत होता. "मॅडम, लगीन हाय का कुनाचं हितं? नेहमीचा माल असता तर चार दिसांत नाचलो असतो ह्यावर."

"एकोणतिसाव्या दिवशी नाचा. मी ढोल आणते."

तिसऱ्या दिवशी हैदराबादहून फोन आला. मॅडमच्या मोठ्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होतं, जवळ दुसरं कुणी नव्हतं. मॅडम पटांगणाच्या कडेला बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "माने, तुमचं घर इथून जवळ आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. चादर उचलून हात लावून बघायचं. वरवर नाही. करता ना?"

"मॅडम, तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणालो.

सहाव्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातून फोन आला. अध्यक्षांची एकसष्टी होती. कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला होता आणि धूळ उडत होती. "टँकर चार दिवस इकडं लागेल, सर."

"शाळेचं काम चालू आहे," मी म्हणालो.

"मग साहेबांना सांगू का, माने सर नाही म्हणतात म्हणून?"

त्या महिन्यात विभागप्रमुखपदाचा माझा कागद अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता. मी म्हणालो, "नको. चार दिवसांचंच आहे ना."

संध्याकाळी शाळेत गेलो. वाफ्यांतलं पाणी आटलेलं. चादरी उन्हानं कडक झालेल्या, पापडासारख्या. मी बुटाच्या टाचेनं पटांगणावर ठोकून बघितलं. टणक होतं. पांढरट, दगडासारखं. आणि मी मनाशी काय म्हणालो? "वाळलंय की आता." मी. स्थापत्यशास्त्राचा व्याख्याता. या एका शब्दासाठी मॅडम पोरांना परीक्षेतून हाकलत होत्या, आणि मला तो उच्चारताना काहीसुद्धा झालं नाही, कारण त्या वेळी मला तोच शब्द हवा होता.

चार दिवसांनी टँकर परत आला नाही. मैदानावर नवी हिरवळ लावली होती, तिला पाणी लागत होतं. मी मागितला नाही. मॅडमचा रोज संध्याकाळी फोन यायचा. दवाखान्यातला गलका मागं ऐकू यायचा.

"पाणी?"

"चालू आहे, मॅडम."

"चादरी?"

"ओल्या आहेत."

त्या परत यायच्या आदल्या दिवशी मी बाहेरून टँकर मागवला आणि चादरी भिजवून घेतल्या. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मॅडम स्टेशनवरून थेट शाळेत आल्या. पिशवी खाली ठेवली, एक चादर उचलली, अंगठ्यानं काँक्रीट घासलं. भुकटी आली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाणी?"

"रोज," मी म्हणालो.

त्यांनी चादर परत नीट अंथरली. पुढचे पंधरा दिवस त्या स्वतः घागरी वाहत होत्या. उपयोग होणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

जूनमध्ये शाळा भरली. पोरं धावली की पटांगणातून पांढरा धुरळा उठायचा. दिवाळीपर्यंत वरचा थर पापुद्र्यांनी सुटला, भेगांत बोटं जायला लागली. एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. कार्यालयाचा अभियंता कॉलेजात आला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये म्हणाला, "राख ती राखच हो. भांडी घासायची वस्तू. तिच्यावर शाळा बांधता येते का?"

चौकशी झाली. तो अभियंता, प्राचार्य, मॅडम आणि मी. प्रश्न एकच होता: पाणी मारलं होतं का? मारलं नसेल तर दोष आमचा, मारलं असेल तर दोष मालाचा. संस्थेच्या ऑफिसातून माझं निवेदन आधीच टाइप होऊन आलं होतं. त्यात लिहिलं होतं, "सदर कामावर नियमितपणे पाणी मारण्यात आले." मी खाली सही केली.

अभियंता म्हणाला, "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "माने, किती दिवस?"

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

मला वाटलं, आता त्या फुटतील. मी त्या स्फोटाची वाट बघत होतो, मला तो हवासुद्धा होता. त्या ओरडल्या असत्या तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. पाणी न प्यायलेला ठोकळा हातात घेऊन बघावा तसं त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग मला काही म्हणायचं नाही."

फायलीत निष्कर्ष लिहिला गेला: मिश्रण अयोग्य. महिन्याभरात त्यांचं दळणयंत्र भंगारात गेलं. कॉलेजनं परिपत्रक काढलं, संशोधन फक्त प्राध्यापकांनी करावं. मी विभागप्रमुख झालो, आणि त्या परिपत्रकावर पहिली सही माझी होती.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत चार वर्षं त्यांनी मला कधी 'माने' म्हटलं नाही. "सर, चावी." "सर, रजेचा अर्ज." त्या 'सर'मध्ये जेवढी चपराक होती, तेवढी त्यांच्या कुठल्याही शिवीत नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात एका कार्यक्रमाला मोठा फलक लागला. राखेच्या सिमेंटबद्दल. पर्यावरण वगैरे. अध्यक्ष त्याच माईकवर म्हणाले, "आपल्या सोलापूरच्या राखेचं सोनं झालं पाहिजे, हे माझं पहिल्यापासून स्वप्न आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजत होते. ते हात माझे आहेत हे लक्षात आलं आणि मला इतका संताप आला की मी उठून बाहेर आलो. अध्यक्षांचा थोडा, स्वतःचा जास्त. तिथून थेट मॅडमच्या घरी गेलो.

त्यांनी दार उघडलं. शेजारच्या घरात माग खडखडत होते. "या सर," म्हणाल्या, पाणी दिलं.

मी पाणी न पिताच बोललो. "मॅडम, त्या शाळेत मी सहाव्या दिवसानंतर पाणी मारलं नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला... कसं?"

"सर, काँक्रीटला किती दिवस पाणी मिळालं ते मला कळतं. तुम्ही सहाव्या दिवशी बंद केलं. शेवटी एकदा भिजवलं. वर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तेव्हा त्या भडकल्या. त्या दिवशी केबिनमध्ये न झालेला स्फोट मला इतक्या वर्षांनी मिळाला. "मी का बोलायचं? बोलायचं तुम्ही होतं! मी बोलले असते तर म्हणाले असते, बाई स्वतःचं झाकतेय. आणि आता काय सांगायला आलात मला? माझ्यापुढं रडून मोकळं व्हायचंय? मी तुम्हाला माफ केलं म्हणून तो माल पास होणार आहे का? शिक्षा त्याला झालीय, मला नाही. राखेला तोंड नाही, सर. तुम्हाला आहे. तिथं जाऊन उघडा!"

त्यांनी कपाटातून कोरा कागद आणि पेन काढून माझ्यासमोर आपटलं. मी लिहायला लागलो. त्या उभ्या राहून वाचत होत्या.

"'पाणी मारण्यात आले नाही.' कुणी मारलं नाही?"

मी खोडलं. "मी पाणी मारले नाही."

"का?"

"तेही लिहायचं?"

"नाहीतर वाचायचं कशाला कुणी?"

मी लिहिलं, "टँकर अन्यत्र वळवण्यात आला." आणि मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "अय्यो, सर! तुमच्या हातालाच रोग आहे. सगळं आपोआप होतं तुमच्याकडं. टँकर आपोआप वळतो, माल आपोआप मरतो."

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. पेन थांबलं. एकसष्टी, मैदान, अध्यक्ष, हे शब्द मला लिहिता येईनात. शेवटी मी लिहिलं, "टँकर मी सोडला." कुठं, ते लिहिलं नाही. मॅडमनी ते वाचलं. कुठं ते लिहिलेलं नाही, हे त्यांनी पाहिलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "तुमच्यापुरतं तरी खरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या सरकारी कार्यालयात गेलो. लिपिकानं कागद दोनदा वाचला. "मॅडम, फाईल केव्हाच बंद झालीय. आणि आता राखेचं सिमेंट सगळेच वापरतात की. गोणीवरच छापलेलं असतं."

"मग माझं नापास का आहे तुमच्याकडं?"

"ते मी कसं सांगू? साहेब बघतील."

त्यानं कागदावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. साहेब चारनंतर भेटणार होते. मॅडम म्हणाल्या, "यांना तोंडी सांगायचंय. आम्ही बसतो."

साडेअकराला माझा फोन वाजला. प्राचार्य होते. तपासणी समिती दुसऱ्या दिवशी येणार होती आणि विभागाची कागदपत्रं सापडत नव्हती. "माने, लगेच या. अध्यक्षसाहेब विचारतायत." मी म्हणायला हवं होतं की मी एका कामात आहे. मी म्हणालो, "निघालोच."

फोन बंद करून मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी चारला परत येतो," मी म्हणालो.

"जा सर," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

मी चारला परत आलो नाही. कागदपत्रं सापडेस्तोवर सहा वाजले. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत, आणि कार्यालय बंद होईपर्यंत मॅडम तिथं होत्या, हे मला त्या लिपिकाकडून पुढच्या आठवड्यात कळलं. तोवर त्या बहिणीकडे हैदराबादला गेल्या होत्या. तिथून त्या आल्या नाहीत. झोपेत गेल्या, असं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं. कागदाला उत्तर आलेलं नाही. मी तीन वेळा विचारायला गेलो. तिन्ही वेळा मला सांगण्यात आलं... नाही, तिन्ही वेळा त्याच लिपिकानं मला सांगितलं की साहेब बघतायत. मॅडमचा माल त्या फायलीत अजून नापास आहे, आणि त्याला नापास करणारी सही माझी आहे.

त्या दिवशी जिन्याशी जाऊन मी एकदा वळून बघितलं होतं. साहेबांच्या बंद दारासमोर लोखंडी बाकावर त्या ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, शिक्का मारलेल्या कागदाची प्रत हातात. व्हरांड्यात ऊन आलं होतं. शिपाई त्यांना म्हणत होता, "बाई, हितं कशाला उन्हात? आत बसा की पंख्याखाली."

"नको," त्या म्हणाल्या. "इथून दार दिसतं."

मी जिना उतरलो.